यूटोंगची डावी नाकपुडी

मंगळवारी संध्याकाळी यूटोंगची डावी नाकपुडी वाहायला लागली, आणि शुक्रवारी जहाज सुटायचं होतं.

फक्त डावी. उजवी ठणठणीत कोरडी. चार वर्षांच्या पोरीचं नाक वाहणं ही एरवी काही बातमी नव्हे. पोरांची नाकं वाहतात, पुसली जातात, बाहीला लागतात आणि जग पुढे चालतं. पण ते वर्षच वेगळं होतं. लिफ्टमध्ये कुणी खोकलं तर बाकीची माणसं पुढच्या मजल्यावर उतरून उरलेले जिने पायी चढत. आणि स्यू फेन तर अशी आई, की पोरीनं झोपेत कूस बदलली तरी हिला शेजारच्या खोलीत जाग यायची.

"बून, हिचं नाक बघ," तिनं नवऱ्याला हाक मारली.

बून कियातने नाक बघितलं, लांबून. "अर्धीच सर्दी आहे. अर्ध्या सर्दीचं काय एवढं?"

"जहाजवाले अर्धं मोजतात का पूर्ण, ते बघायला नको?"

तो पुन्हा टीव्हीकडे वळला. नवरे अशा वेळी टीव्हीकडे का वळतात यावर कुणीतरी संशोधन करायला हवं. त्या वेळी तर बातम्याही नव्हत्या, भांडी घासायच्या साबणाची जाहिरात चालू होती.

जहाजाचं थोडं सांगायला हवं. ते कुठेही जाणार नव्हतं. सिंगापूरहून निघायचं, सामुद्रधुनीत वर जायचं, वळायचं आणि दोन रात्रींनी परत त्याच धक्क्याला लागायचं. कुठे जायची सोयच उरली नव्हती, तेव्हा लोक कुठेही न जाण्यासाठी आगाऊ पैसे भरून रांगा लावत होते. पण स्यू फेनच्या सासूबाई, आह-मा, यांच्या लेखी ते जहाज पक्कं एका ठिकाणी चाललं होतं. त्यांची धाकटी बहीण बी गिओक पलीकडे मलेशियात, कुकुपला राहायची. खांबांवर उभी घरं, खाली चिखल आणि खेकडे, असं ते मासेमारांचं गाव. दोन देशांना जोडणारा पूल उघडा होता तेव्हा आह-मा दर महिन्याला बसने जायच्या आणि येताना सुके झिंगे आणि महिनाभर पुरतील एवढ्या कागाळ्या घेऊन यायच्या. मग पूल बंद झाला. पुलापलीकडची बहीण अमेरिकेतल्या बहिणीइतकी लांब गेली. फोन रोज व्हायचा, पण फोनवर नीट भांडता येत नाही अशी दोघींचीही तक्रार होती.

समोरच्या घरात टिओ अंकल राहायचे. त्यांनी असल्या जहाजांतून तीनदा कुठेही न जाऊन दाखवलं होतं, त्यामुळे मजल्यावर त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनीच नकाशा उलगडून त्यावर बोट ठेवलं होतं. "हे बघा. संध्याकाळी जहाज इथून जातं, आणि कुकुप हे इथं. समोरच." त्यांचं बोट एवढं जाड, की त्याच्याखाली कुकुप, जहाज आणि अर्धी सामुद्रधुनी सगळं झाकलं गेलं. पण आह-मांना तेवढा पुरावा पुरला. दोघी बहिणींचं फोनवर ठरलं. नव्या वर्षाला टेबलावर घालायचे लाल कपडे दोघींनी एकाच दुकानातून एकाच दिवशी आणले होते. बी गिओक आपला घेऊन धक्क्याच्या टोकाला उभी राहणार, आह-मा आपला घेऊन जहाजाच्या कठड्याला. त्या दिवसापासून आह-मांनी तो कपडा दोनदा धुतला होता आणि तीनदा इस्त्री केली होती.

आणि नियम असा, की एका केबिनमधले सगळे एका नशिबाचे. निघायच्या दिवशी सकाळी प्रत्येकाची तपासणी. एकाला लागण निघाली, किंवा नुसतं सर्दीचं लक्षण जरी दिसलं, तरी सगळी केबिन घरी. स्यू फेन, बून, आह-मा आणि यूटोंग, चौघांची केबिन एक. म्हणजे दोघी बहिणींची दीड वर्षानंतरची भेट, तीही समुद्राच्या दोन बाजूंनी, आता एका डाव्या नाकपुडीला टांगलेली होती.

स्यू फेनने त्याच रात्री घरातलं तपासणीचं किट उघडलं. घरात अशी अकरा होती. दुकानात किट पहिल्यांदा आली त्या दिवशी स्यू फेन दुकान उघडण्याआधी तासभर रांगेत उभी होती. याला तिथले लोक कियासू म्हणतात, म्हणजे मागे पडायची धास्ती. बाहेरचे हसतात. पण ज्या बेटावर शाळेच्या प्रवेशापासून कोंबडी-भातापर्यंत सगळ्याला रांग आहे, तिथं ही धास्ती म्हणजे भित्रेपणा नव्हे, शहाणपण आहे. स्यू फेन या शहाणपणात पदवीधर होती. यूटोंगच्या बालवर्गात मुलांनी दह्याच्या रिकाम्या कपात ओल्या कापसावर मूग ठेवून कप खिडकीत मांडले होते. ज्याला पहिला कोंब येईल त्याला चांदणी. स्यू फेनने घरून टपोरे मूग निवडून पाठवले, आणि रोज शाळा सुटल्यावर तिचा पहिला प्रश्न असायचा, "कुणाचा आला?"

"कुणाचाच नाही," यूटोंग सांगायची.

"लक्ष ठेव. आपला आधी यायला हवा."

तर ते किट. यूटोंग शहाण्यासारखी उशीवर डोकं टेकून पडली. उजव्या नाकपुडीत काडी गेली, फिरली, बाहेर आली. डावीकडे काडी वळताच तिनं नाकावर दोन्ही हात ठेवले.

"इथं नको."

"का गं, दुखतंय?"

"नाही. तिथं काम चाललंय."

इमारतीतली लिफ्ट महिन्यातून एकदा तरी बंद असायची आणि तिच्यावर अशी पाटी लागायची. पाटी वाचून घेतल्यापासून पोरगी ते वाक्य जिथेतिथे वापरत होती. काल न खाल्लेल्या भोपळ्याबद्दलही तिनं पोटावर हात ठेवून हेच सांगितलं होतं. स्यू फेनने एकाच नाकपुडीवर भागवलं. पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे लागण नाही. पण अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात आलं, की ही रेघ उजव्या बाजूची आहे. डाव्या बाजूबद्दल ती पट्टी काहीच बोललेली नाही.

बुधवारी ही बातमी मजल्यावर पोचली. कशी, ते विचारू नये. सामायिक गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या चार बायका असल्या की वर्तमानपत्राची गरज पडत नाही. शेजारच्या काक रोहाया, म्हणजे रोहायाताई, निलगिरीच्या तेलाची बाटली घेऊन आल्या.

"तळपायाला चोळ आणि मोजे घाल. माझी चारही पोरं यावर वाढली."

"काक, नाक वाहतंय. पाय बरे आहेत तिचे."

"म्हणूनच सांगते. पाय बरे आहेत तोवरच उपाय चालतो."

आह-मांचं निदान वेगळं होतं. पोरीच्या अंगात थंडावा शिरला होता. केळं बंद, काकडी बंद, बार्लीचं पाणी बंद, पंख्याचा वारासुद्धा डाव्या बाजूने बंद. त्यांनी आल्याचं असं काही कडू पाणी उकळलं, की त्याच्या वासानंच सगळ्या घराची नाकं वाहायला लागली, आणि स्यू फेनला क्षणभर वाटलं की झालं, आता चौघंही गेलो. टिओ अंकल दारातूनच बोलले, आत यायला त्यांचा जीव धजेना. "तपासणीच्या टेबलापाशी पोरीनं नाक ओढता कामा नये. ओढलं की संपलं. सकाळी गोळी द्या चघळायला, गोळी चघळताना पोरं नाक ओढत नाहीत."

"ओढतात, अंकल."

"माझी नातवंडं नाही ओढत," टिओ अंकल म्हणाले, आणि वादाला जागा उरली नाही.

या सगळ्या सल्ल्यांत दोष एकच होता, की प्रत्येकानं सांगितलेलं अमलात आणलं तर प्रत्येकाच्या सांगण्यातलं काहीतरी मोडत होतं. स्यू फेनने तेल चोळलं, मोजे चढवले, पंखा उजवीकडे वळवला. डावी नाकपुडी वाहत राहिली. उजवी कोरडी राहिली. बुधवारी एक रेघ, गुरुवारी एक रेघ, दोन्ही उजव्याच.

गुरुवारी दुपारी तिनं जहाज कंपनीला फोन लावला. स्यू फेन विमा कंपनीत काम करायची. लोकांनी फॉर्ममध्ये लिहिलेलं खरं आहे का ते तपासणं हेच तिचं काम, त्यामुळे दुसऱ्याच्या फॉर्ममध्ये स्वतः काही लिहायची वेळ आली की तिचा हात जड व्हायचा. फोनवरचा मुलगा अतिशय नम्र होता. इतका नम्र, की त्याच्याकडून कसलीही मदत होणार नाही हे पहिल्याच वाक्यात कळलं.

"मॅडम, फॉर्ममध्ये विचारलंय, नाक वाहतंय का. हो किंवा नाही."

"एकाच बाजूने वाहतंय."

"हो, मॅडम. मग हो."

"पण दुसऱ्या बाजूने वाहत नाहीये."

"मग नाही, मॅडम."

"दोन्ही कसं असेल?"

तो थांबला. पलीकडे त्यानं कुणालातरी विचारल्याचा आवाज आला. "मॅडम, आमच्याकडे नाक एकच आहे," तो परत येऊन म्हणाला. "अर्ध्याची सोय नाही. आपल्या सदसद्विवेकबुद्धीला स्मरून भरावं."

सदसद्विवेकबुद्धी ही वस्तू फोनवर फार स्वस्तात वाटली जाते. स्यू फेनने फॉर्म उघडला, सगळं भरलं आणि तो प्रश्न तेवढा रिकामा ठेवला.

शुक्रवारी त्यांची वेळ अकराची होती, म्हणून ते नऊ वाजता पोचले. धक्क्याजवळच्या मोठ्या सभागृहात तपासणी होती आणि दारात दंडाला फिती बांधलेले लोक उभे होते. त्यांच्यातल्या एका तरुणानं फोनवरची वेळ बघितली, मग घड्याळ बघितलं, मग स्यू फेनकडे बघितलं.

"लवकर आलात."

"गर्दी होईल म्हणून."

"गर्दी होऊ नये म्हणूनच वेळा दिल्यात, मॅडम. तिकडे बसा."

बून काहीच बोलला नाही. पण नवऱ्याच्या न बोलण्याचे प्रकार असतात, आणि हा त्यातला वाईट प्रकार होता. तेवढ्यात आह-मा पुढे जाऊन कामाला लागल्या होत्या. पिशवीतून त्यांनी टिश्यूची पाकिटं काढली आणि चार खुर्च्यांवर एकेक ठेवली. जेवणाच्या ठेल्यांवर जागा धरायची हीच रीत. पाकीट दिसलं की ती खुर्ची पंतप्रधानांनासुद्धा मिळत नाही. पण इथं अंतर राखायला एकाआड एक खुर्चीवर फुल्या चिकटवल्या होत्या, आणि आह-मांची दोन पाकिटं फुल्यांवर पडली.

"काकू, या खुर्चीवर कुणीच बसायचं नाहीये," तो फितीवाला म्हणाला.

"ठाऊक आहे. मी बसत नाहीये. मी धरून ठेवलीय."

"कुणासाठी?"

"पुढेमागे बसायला लागलं तर."

तरुणानं हात जोडल्यासारखं केलं आणि तो निघून गेला. पण चांगलं कर्म वाया जात नाही. थोड्या वेळानं तोच परत आला. त्यांच्या आधीच्या वेळेचं एक कुटुंब आलंच नव्हतं. "तुम्ही बसूनच आहात, तर या," तो म्हणाला. स्यू फेनने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. बायकोच्या बघण्याचेही प्रकार असतात.

आत टेबलामागे एक मुलगी, तिच्यापुढे काच. "एक प्रश्न राहिलाय, मॅडम. नाक वाहतंय का कुणाचं?"

यूटोंगच्या तोंडात टिओ अंकलची गोळी होती. मास्कखालचं नाक आत्ताच पुसलेलं होतं. त्या क्षणी, प्रामाणिकपणे सांगायचं तर, कुणाचंच नाक वाहत नव्हतं. आह-मा बाजूला पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या आणि पिशवीच्या तोंडातून लाल कपड्याची कड दिसत होती. स्यू फेनच्या जिभेवर 'नाही' आलं होतं. ते नुसतं सोडायचं बाकी होतं. मग तिच्या डोळ्यांसमोर ते जहाज आलं, जेवणाच्या टेबलावरची म्हातारी माणसं आली, आणि उजव्या बाजूच्या तीन रेघा आल्या.

"हो," ती म्हणाली. "मुलीचं. मंगळवारपासून. डावी बाजू."

मागच्या रांगेनं हे ऐकलं. ओहोटीचं पाणी जसं एकदम काही न बोलता मागे सरतं तशी ती रांग सरली. एका बाईनं आपल्या मुलाला कुशीत ओढलं. बूनने डोळे मिटले. आह-मांनी फक्त तो लाल कपडा हातानं चेपून पिशवीच्या तळाशी घातला आणि वर टिश्यूची पाकिटं रचली.

स्यू फेनला त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मा," ती हळूच म्हणाली, "मला माफ करा. मला खोटं सांगता येईना."

"तुला काय येतं ते मला माहितीय," आह-मा म्हणाल्या. "चल. पोरीला पाणी दे."

त्यांना एका पारदर्शक तंबूत नेऊन बसवलं. तंबू पारदर्शक का असावा हे कळत नाही. आतल्याचा आजार बाहेर जाऊ नये एवढंच हवं असेल तर अब्रू तरी आत ठेवायची सोय हवी होती. बाहेरून जाणारा प्रत्येक जण डोकावत होता आणि यूटोंग प्रत्येकाला हात करत होती.

डॉक्टर आल्या. डोक्यापासून पायापर्यंत निळ्या झग्यात, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल. आवाजावरून तरुण वाटल्या. ढालीच्या आत 'डॉ. नूर' असं चिकटपट्टीवर लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, "ताप? खोकला? घसा? घरात कुणाला?" सगळ्याला नाही. "आणि फक्त डावीकडूनच?"

"फक्त डावीकडूनच."

"मंगळवारपासून एका बाजूनं," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात एकदम रस आला. त्यांनी बारीक दिवा काढला. "बाळ, वर बघ. मी आत फक्त बघणार आहे."

"तिथं काम चाललंय," यूटोंगने बजावलं.

"हो का? मी साहेब आहे. काम बघायला आलेय."

हे यूटोंगला पटलं. तिनं मान वर केली. डॉक्टर वाकल्या, बघितलं, दिवा थोडा फिरवला, पुन्हा बघितलं. मग सरळ उभ्या राहिल्या.

"मॅडम, आत काहीतरी हिरवं आहे."

हिरव्या रंगाचे जेवढे रोग स्यू फेनने वाचले होते तेवढे एका दमात डोक्यातून गेले. "हिरवं म्हणजे?"

"ते हीच सांगेल. काय गं, आत काय आहे?"

"माझा मूग," यूटोंग म्हणाली.

तंबूतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"टीचर म्हणाली, मूग ओला ठेवायचा आणि उबेला ठेवायचा," यूटोंग समजावून सांगू लागली, कारण मोठ्या माणसांच्या तोंडावरून त्यांना काही कळलं नाहीये हे दिसतच होतं. "सगळ्यांचे खिडकीत आहेत. खिडकीत ऊब नसते. एसी असतो. माझा आधी येणार. मम्मी म्हणाली, आपला आधी यायला हवा."

बून खोकल्यासारखं करत मागे वळला. त्या सभागृहात खोकणं सोपं नव्हतं, पण हसण्यापेक्षा ते बरं. स्यू फेनला मात्र हसू येईना. दीड वर्ष तिनं या पोरीच्या अंगावरचा प्रत्येक पुरळ टिपला होता, प्रत्येक शिंक मोजली होती, जेवताना कोणत्या दाताने चावते तेसुद्धा तिला ठाऊक होतं. आणि एक अख्खा मूग, तिनंच निवडलेला, टपोरा, तिच्या डोळ्यांदेखत पोरीच्या नाकात शेती करत होता. शरमेनं तिचे कान तापले. दारातल्या तरुणानं ताप मोजायला त्या क्षणी यंत्र लावलं असतं तर सगळी केबिन तिच्यामुळेच घरी गेली असती.

"फुगलाय तो," डॉक्टर म्हणाल्या. "चिमट्याने ओढला तर आत सरकेल. एक उपाय आहे. आई करते तो. तुम्ही तिचं तोंड तुमच्या तोंडाने झाकायचं, उजवी नाकपुडी बोटाने दाबायची आणि जोरात फुंकायचं. बाहेर येतो."

"इथं?" स्यू फेनने विचारलं.

हा प्रश्न साधा नव्हता. त्या सभागृहात पन्नास पाट्या होत्या आणि पन्नासही पाट्यांवर मास्क काढू नका असं लिहिलेलं होतं. फितीवाला तरुण तंबूच्या दाराशी आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. "डॉक्टर, कुणाच्या तोंडात फुंकायला परवानगी नाहीये."

"तसं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही," तो म्हणाला. "कुणी फुंकेल असं वाटलं नव्हतं."

"घर एक, केबिन एक. घरी एका ताटात जेवत असतील."

तरुणानं फोनवर वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना. शेवटी उत्तर आलं, की तंबूची चेन लावून घेतली तर तंबू हे घर समजायला हरकत नाही. चेन लागली. बाहेर आता चांगली पंधरा-वीस माणसं अंतर राखून जमली होती. तंबू पारदर्शक होता हे वर सांगितलंच आहे.

स्यू फेनने मास्क काढला. मग पोरीचा काढला. ही तीच पोरगी, जिच्या तोंडाजवळ कुणाचा श्वास जाऊ नये म्हणून तिनं आजीला दोन हात लांबून गोष्टी सांगायला लावल्या होत्या, वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्याच लावू दिल्या नव्हत्या.

"मम्मी, तू माझा मूग घेणार?"

"नाही. तुलाच देणार. तोंड उघड."

तिनं पोरीच्या तोंडावर तोंड ठेवलं. गोळीचा संत्र्याचा वास आला. तिनं बोटानं उजवी नाकपुडी दाबली आणि दीड वर्ष धरून ठेवलेला श्वास असेल तसा, जीव खाऊन फुंकला.

टप् असा आवाज झाला. डॉक्टरांच्या ढालीवर, बरोब्बर दोन डोळ्यांच्या मधे, एक फुगलेला मूग चिकटला होता. त्याला पांढरी, वाकडी, नखाएवढी शेपटी होती.

"आला," यूटोंग म्हणाली. "माझा आधी आला."

बाहेर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मघाशी मुलाला कुशीत ओढणारी बाईच होती ती. आह-मांनी पिशवीतून टिश्यू काढला, डॉक्टरांच्या ढालीवरून मूग हलकेच उचलला आणि नवजात बाळासारखा गुंडाळला.

पण हत्ती गेला तरी शेपूट राहतंच. संगणकात लक्षणाचं कारण नोंदवल्याशिवाय पुढे सरकता येईना, आणि यादीत मूग नव्हता. ॲलर्जी होती, धूळ होती, मांजर होतं. डॉक्टरांनी 'इतर' निवडलं. संगणकाने विचारलं, इतर म्हणजे काय. त्यांनी लिहिलं, कडधान्य. मग वरून हुकूम आला, की नाक धुऊन तासभर बघावं, कोरडं राहिलं तर लक्षण नाही असं धरावं, आणि मग दोन्ही नाकपुड्यांची तपासणी. त्यामुळे चौघं जण समोरासमोर बसले आणि तिघं जण चौथीच्या नाकपुडीकडे टक लावून बघत राहिले. एवढ्या एकाग्रतेनं या कुटुंबानं कधी देवाकडेही बघितलं नव्हतं.

नाकपुडी कोरडी राहिली. काडी दोन्हीकडे गेली. चौघांच्याही पट्ट्यांवर एकेक रेघ उमटली, आणि जहाजाचं दार बंद व्हायला थोडाच वेळ उरला असताना ते पळत सुटले.

"अकराला आलो असतो तर मागेच राहिलो असतो," पळता पळता बून म्हणाला. नवरा असं कबूल करतो तेव्हा थांबून ऐकायचं असतं, पण तेवढा वेळ नव्हता.

सामान तपासणाऱ्याने यूटोंगच्या मुठीतल्या टिश्यूकडे बोट दाखवलं. "यात काय?"

"मूग," स्यू फेन म्हणाली. आता तिला खरं सांगण्याची लाजच उरली नव्हती. "नाकातला."

त्यानं उघडून दाखवा असं म्हटलं नाही.

सूर्य खाली आला तेव्हा ते उजव्या बाजूच्या कठड्याशी होते. लांबवर काठाची एक करडी रेघ होती. तिच्यातलं कुकुप कोणतं हे टिओ अंकलचं बोट सोबत नसल्यामुळे सांगता येत नव्हतं. आह-मांचा फोन वाजला. फोनमध्ये वारा आणि बी गिओकचं अर्धं कपाळ.

"किती वेळ? मी दुपारपासून टोकाला उभी आहे जागा धरून," बी गिओक म्हणाली.

"तिथं दुसरं कोण आहे?"

"कुणी नाही. पण येतील, सांगता येत नाही. दिसतेयस गं तू. लाल कपडा दिसतोय. मी केव्हाची हात करतेय."

आह-मा अजून पिशवीच्या तळाशी हात घालून कपडा शोधत होत्या. "अगं, माझा कपडा अजून पिशवीत आहे."

"मग ती कोण?"

"मला काय ठाऊक. असेल कुणीतरी."

"तिनंही हात केला," बी गिओक जरा रागावूनच म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरा केला."

शेवटी कपडा निघाला. चुरगळलेला, तीन इस्त्र्या वाया गेलेला. आह-मांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि वाऱ्यानं तो फडफडला. स्यू फेनने त्यांच्या कमरेला हात घालून त्यांना धरून ठेवलं, कारण त्या अंगानं काडी होत्या आणि कपडा मोठा होता. करड्या रेघेवर एक लाल ठिपका दिसल्यासारखा वाटला. तो धक्का असेल, नाव असेल, कुणाच्या छपराचा पत्राही असेल. आह-मांनी तो आपल्या बहिणीचाच आहे असं ठरवलं आणि फोनमध्ये सांगितलं, "दिसलीस. जाड झालीयस."

"तू वाळलीयस," पलीकडून उत्तर आलं.

यूटोंगने मधेच टिश्यू उघडून फोनसमोर धरला. बी गिओकने डोळे बारीक करून विचारलं, हे काय, आणि यूटोंगने सांगितलं.

"कुणाचा आधी आला?" बी गिओकने विचारलं.

"माझा."

"शाब्बास."

आधी येण्यातच सगळं नसतं, असं काहीतरी पोरीला सांगायला स्यू फेनने तोंड उघडलं. मग तिला सकाळचे नऊ आठवले, आणि तिनं ते मिटलं.

फोन तुटला. रेघ मागे गेली आणि जहाज अंधाराकडे वर सरकत राहिलं. आह-मांनी कपड्याची घडी घातली, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांनी पिशवीतून एक टिश्यूचं पाकीट काढलं आणि कठड्याच्या गजावर ठेवलं.

"परतताना हे जहाज इथूनच जाईल ना?" त्यांनी विचारलं.

वारा एवढा होता की ते पाकीट क्षणभरही टिकलं नसतं. जहाजाला दोन बाजू असतात आणि परतताना काठ दुसऱ्या बाजूला येतो, हेही कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. स्यू फेनने केसांचा रबर काढला, पाकीट गजाला घट्ट बांधलं आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

"झालं, मा," ती म्हणाली. "आता ही जागा आपली."